रमाबाईंची श्रद्धा आणि धर्माचे रखवालदार

पुणे-दौंड लोहमार्गावर उरुळी आणि यवत ही स्थानके मागे पडली की थोड्याच वेळात केडगाव लागते. नित्य ये-जा करणाऱ्या शिक्षक, कारकून आणि विद्यार्थ्यांच्या लेखी ते केवळ वाटेवरचे एक स्थानक असते. तेथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन शंभरावर वर्षे चालू आहे, हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊकही असते. विधवांचा कैवार घेणारी विदुषी, शारदा सदनाची संस्थापक आणि दुष्काळातील अनाथ मुलींची आई, एवढी रमाबाईंची ओळख पाठ्यपुस्तकांनी करून दिलेली आहे. त्यांच्या चरित्राची आणखी एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. ज्या धर्माचा त्यांनी विचारपूर्वक स्वीकार केला, त्या धर्माच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडाले. तरीही त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि त्या अधिकाऱ्यांपुढे मानही तुकविली नाही.

ही बाजू आज मुद्दाम पाहण्याजोगी आहे. शिरूर-दौंड भागातील ख्रिस्ती वस्त्यांत काय, किंवा अन्य कोणत्याही धर्माच्या उपासनास्थळी काय, एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. धर्मोपदेशक उद्धट निघाला, मंडळीच्या पंचांनी हिशेब दडविला, प्रभुभोजनाला शेजारी बसणारा माणूस बाहेर पडताच जात विचारू लागला, तेव्हा अशा ठिकाणी जावे तरी कशाला, असा प्रश्न सच्च्या माणसाच्या मनात उभा राहतो. काही जण जाणे सोडतात. काही जण जात राहतात, पण मनातून विझून जातात. ह्या दोहोंपलीकडे तिसरी वाट असू शकते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंच्या जवळजवळ चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात शोधता येते.

जुनाच प्रश्न

हा प्रश्न रमाबाईंपुरता नाही. तो ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज ह्याच वादाने दुभंगला होता. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा खरा मानावा की नाही, हा त्या वादाचा मुद्दा होता. संत ऑगस्टीनने असे प्रतिपादन केले की, संस्काराचे सामर्थ्य देणाऱ्याच्या पुण्याईवर अवलंबून नसून ते ख्रिस्ताचे आहे. रोमन कॅथलिक परंपरेने हाच सिद्धांत पुढे मान्य केला. म्हणजे पाटातून येणारे पाणी हे पाट बांधणाऱ्याच्या चारित्र्यामुळे गोड किंवा कडू होत नाही. चौदाव्या शतकात सिएनाच्या कॅथरीनने पोपलाही खडे बोल सुनावणारी पत्रे लिहिली, धर्मगुरूंच्या लोभावर कोरडे ओढले आणि तरीही मरेपर्यंत ती त्याच चर्चची कन्या राहिली.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. परंतु श्रद्धेचे मूळ आणि तिचे रखवालदार ह्यांत भेद करण्याची शक्ती त्यांच्या ठिकाणी विलक्षण होती. ही शक्ती त्यांना फार मोठी किंमत देऊन लाभली होती.

पहिला भ्रमनिरास

रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला होता. तीर्थयात्रा आणि पुराणकथन हेच ह्या कुटुंबाचे आयुष्य बनले. हाती असलेले द्रव्य देवकार्यात आणि ब्राह्मणांच्या दानदक्षिणेत संपले आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा घरात खाण्यास काही उरले नव्हते. वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ एक गेली. ज्यांना आयुष्यभर दान दिले, त्यांपैकी कोणीही संकटात उपयोगी पडले नाही, ही गोष्ट त्या मुलीच्या मनात खोल रुतून बसली.

भाऊ श्रीनिवास ह्याच्यासह हजारो मैलांची पायपीट करीत ती १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. तथापि, पदव्यांनी मनाची पोकळी भरली नाही. केशवचंद्र सेन ह्यांच्या प्रेरणेने रमाबाईंनी वेद वाचले, धर्मशास्त्रे वाचली. आणि स्त्रियांविषयी व शूद्रांविषयी त्या शास्त्रांचे म्हणणे वाचून त्या अधिकच अस्वस्थ झाल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी ह्या परजातीय बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचे निधन झाले आणि तेविसाव्या वर्षी, कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी असताना, रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत पुढे सोडावा लागला.

वॉन्टेजचा वाद

इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. ह्या भगिनी समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत होत्या. तो पाहून रमाबाई थक्क झाल्या. ज्या स्त्रियांना त्यांच्या पूर्वधर्माच्या शास्त्रांत केवळ शिक्षा होती, त्यांची येथे शुश्रूषा होत होती. येशू आणि शोमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीची कथा त्यांनी ह्याच संदर्भात ऐकली. मूळचे चित्पावन पंडित आणि पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झालेले नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे, ह्यांच्या पत्रांनी त्यांच्या काही शंका दूर झाल्या. त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी वॉन्टेज येथेच आत्महत्या केली. त्या दारुण प्रसंगानंतर, २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता झाली.

येथे सारे सुरळीत व्हावयास हवे होते. पण वादाला येथूनच तोंड फुटले. धर्ममातेच्या मते नवदीक्षितेने चर्चच्या अधिकाराखाली विनम्रपणे राहावयास हवे होते. रमाबाईंचा आग्रह असा की, बायबलात जे आढळेल ते आपण मानू. धर्मपरिषदांनी केलेली सूक्ष्म श्रद्धासूत्रे विवेकाला पटल्यावाचून मान्य करणार नाही. ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धांत ह्यांविषयी त्यांनी खुल्या मनाने शंका विचारल्या. ह्या शंकांत भगिनींना अहंकार दिसला.

वाद तत्त्वांपुरता राहिला नाही. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, तर तो जातीचा अभिमान ठरला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशातील लोकांसाठी संस्कृत का चालू नये, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवीत असता पुरुषांना शिकविण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्यास हरकत घेतली. अशाने हिंदुस्थानात त्यांच्या कार्याची हानी होईल, असे त्या धर्माधिकाऱ्यांचे मत. कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांपुढे बसून परीक्षा दिलेल्या आणि देशभर पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिलेल्या विदुषीला, हिंदुस्थानात काय शोभेल हे इंग्रज बिशपांनी शिकवावे, हा विनोदच होता. रमाबाईंनी तो सहन केला नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने सुटलो आहोत आणि दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असा त्यांच्या पत्रांचा रोख होता.

ह्या वादाची दोन्ही बाजूंची पत्रे सिस्टर जेराल्डिनने जपून ठेवली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ साली प्रसिद्ध केली. वाचणाऱ्याला त्यांत एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. जेराल्डिन दुष्ट नव्हती. रमाबाईंवर आणि विशेषतः छोट्या मनोरमेवर तिचा जीव होता. तिचा दोष एवढाच की, देवाची आज्ञा आणि आपल्या मठाची रीत ह्यांतील अंतर तिला दिसत नव्हते. धर्माचे बहुतेक रखवालदार असेच असतात. चोर थोडे, दार आणि घर ह्यांत गल्लत करणारेच अधिक.

दोन्हीकडून मार

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, देशभर व्याख्याने दिली आणि त्यांच्या कार्यासाठी १८८७ च्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. वेगवेगळ्या पंथांचे लोक तीत एकत्र आले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे अण्णासाहेब कर्वे ह्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई ह्या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरलेले होते. त्यामुळे अनेक मिशनरी रमाबाईंवर नाराज झाले. आपल्या धर्मात आलेली ही विदुषी धर्मप्रसार करीत नाही म्हणजे काय, असा त्यांचा सूर होता. दुसरीकडे, रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसत. ह्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, केसरीने कडक टीका केली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ह्या प्रकरणी सगळा दोष विरोधकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मुली विश्वासाने सोपविणाऱ्या पालकांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. संस्थापिकेच्या उघड्या दाराचा ओढा विद्यार्थिनींना वाटणार, हे रमाबाईंसारख्या बुद्धिमान स्त्रीला कळत नव्हते असे म्हणता येत नाही. स्वतःच्या सद्‌हेतूची खात्री असली की माणसाला इतरांच्या भीतीचे मोल कळेनासे होते. रमाबाईही त्याला अपवाद नव्हत्या.

ह्याच सुमारास त्यांच्या अंतरंगात मोठी घटना घडली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून त्यांना असे उमगले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला सापडलाच नव्हता. त्यापुढे त्यांच्या शंका हळूहळू मावळल्या. वॉन्टेजच्या भगिनींना आणि बिशपांना दडपणाने जे साधले नव्हते, ते एका स्वतंत्र मनाने आपल्या पायांनी चालत जाऊन गाठले. श्रद्धा हुकमाने उत्पन्न होत नाही, ह्याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

केडगावची माती

केडगावला रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. फळबागेच्या उत्पन्नातून सदन स्वावलंबी व्हावे, असा त्यांचा हिशेब होता. परदेशी वर्गणीवर चालणारी संस्था वर्गणीदारांच्या मर्जीने चालते, हे व्यवहारज्ञान त्यांना होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. भुकेने आईबाप गेलेल्या मुलीच्या डोळ्यांत त्यांनी स्वतःचे बालपण पाहिले असले पाहिजे. त्याच वर्षी पुण्यात प्लेगने कहर केला, तेव्हा सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे होणारे हाल त्यांनी उघड पत्र लिहून वेशीवर टांगले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी भीड बाळगली नाही.

१८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या गेल्या. विणकाम, तेलघाणा, छापखाना आणि गोठा सुरू झाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. वॉन्टेजच्या भगिनींकडे पाहिलेले काम दौंडच्या दुष्काळी पट्ट्यात मराठी स्त्रिया करू लागल्या. शारदा सदनात आरंभी जातीचे निर्बंध पाळले जात होते; दुष्काळाने ते पुसून टाकले. नाना जातींच्या मुली एकाच आवारात राहू लागल्या.

१९०५ साली मुक्तीमध्ये धार्मिक जागृतीची लाट आली. शेकडो मुली मोठ्याने प्रार्थना करीत आणि रडत. काही परदेशी ख्रिस्ती लोकांना हा प्रकार अशिष्ट वाटला. हिंदी स्त्रियांना त्यांच्या रीतीने देवाला आळवू द्यावे, अशीच रमाबाईंची भूमिका राहिली. क्रूसावरील लॅटिन अक्षरांना हरकत घेणारी तरुणीच येथे पुन्हा दिसते.

ह्याच भूमीच्या आसपास त्या काळी असा झगडा देणारे दुसरेही एक मोठे मराठी मन होते. शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. त्याच मिशनमध्ये, नगरला, कवी नारायण वामन टिळक ह्यांनी वर्षानुवर्षे काम केले. परदेशी मिशनऱ्यांचे वर्चस्व आणि हिंदी ख्रिस्ती लोकांची परावलंबी वृत्ती ह्यांमुळे ते व्यथित होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापण्याचा उद्योग आरंभिला. दोन वर्षांनी ते वारले. रमाबाईंनी आणि टिळकांनी संस्थेच्या चौकटीशी झगडा केला. ख्रिस्ताशी काडीमोड घेतला नाही.

किल्ली सामान्यांच्या हाती

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्यामुळे अडाणी स्त्रीला ते समजत नाही, हे त्यामागील मुख्य कारण. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवून ते छापले. धर्मग्रंथ जिला स्वतः वाचता येतो, तिला धर्मगुरूच्या तोंडाकडे पाहत बसावे लागत नाही, हे सत्य रमाबाई संस्कृताच्या अनुभवावरून जाणत होत्या. हे भाषांतर निर्दोष नव्हते. मूर्तिपूजेचा वास येणारे शब्द कटाक्षाने गाळण्याच्या भरात भाषा कित्येकदा अवघडली आणि मराठी मंडळ्यांत ते रूढ झाले नाही. विचाराचे मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. धर्माच्या रखवालदारांविरुद्ध त्यांनी मोर्चा काढला नाही; त्यांच्या कमरेच्या किल्लीची दुसरी प्रत करून ती गरीब बायकांच्या हाती दिली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलत्या एका मुलीच्या मृत्यूनंतरही वृद्ध आई भाषांतराची मुद्रिते तपासीत राहिली. ते काम संपल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. ज्या अँग्लिकन चर्चच्या बिशपांनी त्यांना अडविले होते, त्याच चर्चने पुढे आपल्या पंचांगात त्यांच्या स्मरणासाठी एक दिवस राखून ठेवला.

धर्मसंस्थेतील दोषांनी व्यथित झालेल्या आजच्या माणसाला ह्या चरित्रातून काही सूत्रे मिळतात. पहिले असे की, शंका गिळून टाकू नये आणि दडवूही नये. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्यापुढेच ती स्पष्ट मांडावी. दुसरे असे की, दोषांची मोजदाद करण्यात आयुष्य घालविण्यापेक्षा, धर्माने जे काम सांगितले आणि रखवालदारांनी टाकून दिले, ते स्वतः उचलावे. तिसरे असे की, खोटे नाणे चलनात आले म्हणून खऱ्या नाण्याचे मोल जात नाही. किंबहुना खऱ्याला किंमत असते म्हणूनच कोणी खोटे पाडतो. ह्याचा अर्थ खोटे नाणे निमूटपणे स्वीकारावे, असा मात्र नाही. ते ओळखून परत करण्याचे कर्तव्य शिल्लक राहतेच. धर्मगुरूच्या अपराधावर पांघरूण घालणे ही श्रद्धा नव्हे. रमाबाईंनी ते कधी केले नाही.

आणखी एक गोष्ट उरते आणि ती कदाचित सर्वांत अवघड आहे. इतक्या कडवट वादानंतरही रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिनशी पत्रव्यवहार तोडला नाही. इतकेच नव्हे, पुढे मनोरमेला शिक्षणासाठी त्यांनी पुन्हा वॉन्टेजलाच, त्याच धर्ममातेच्या देखरेखीखाली पाठविले. अधिकार नाकारावा आणि माणूस टाकू नये, हे साधणे सोपे नाही. आपल्या मंडळीतील उद्धट पंचाला जाब विचारून झाल्यावर पुढच्या रविवारी त्याच्याच शेजारी चटईवर बसता येते काय, ही ज्याची त्याने करून पाहण्याची परीक्षा आहे.